इंग्रजी नामांचे पाच प्रकार पाठ आहेत, पण वाक्यात ओळखता येत नाहीत. काय करावं?

प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरियल (पदार्थवाचक), ॲबस्ट्रॅक्ट (भाववाचक). तुम्ही म्हणता तसे हे पाच तोंडपाठ असतात आणि वाक्य समोर आलं की गोंधळ उडतो. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. हा गोंधळ कच्च्या पाठांतराचा नाही. प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला असतो, असं आपण धरून चालतो, तिथे घोळ होतो.

'ग्लास' घ्या. 'द विंडो इज मेड ऑफ ग्लास' इथे ग्लास म्हणजे काच, म्हणून मटेरियल नाउन. आधी 'अ' लागत नाही. 'ही ब्रोक अ ग्लास' इथे तोच शब्द पेल्यासाठी आलाय, म्हणून कॉमन नाउन. दोन फुटले तर 'टू ग्लासेस'. 'आयर्न'चंही तसंच: कधी लोखंड, कधी इस्त्री. तेव्हा आधी वाक्याचा अर्थ लावा, प्रकार मग ठरवा.

मराठी व्याकरणात आपण मुख्य प्रकार तीनच मानतो: सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचकनाम. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामं सामान्यनामाच्याच पोटात येतात. त्यामुळे प्रॉपर नाउन म्हणजे आपलं विशेषनाम, हे लगेच कळतं. विसरतं ते पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, कारण देवनागरीत ती भानगडच नाही. वार, महिने आणि भाषांची नावं कॅपिटल; 'समर', 'विंटर' हे ऋतू मात्र स्मॉल.

माझ्या मते खरा वेळ द्यायला हवा तो काउंटेबल (मोजता येणारं) आणि अनकाउंटेबल (न मोजता येणारं) या भेदाला. 'अ' लावायचा का, 'एस' जोडायचा का, 'मेनी' की 'मच', हे सगळं त्यावर ठरतं. आणि इथे मराठी आपल्याला दगा देते. 'त्याने मला दोन सल्ले दिले' हे मराठीत अगदी बरोबर, पण इंग्रजीत 'टू ॲडव्हाइसेस' चालत नाही. 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावं लागतं. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' त्याच पंगतीतले. आपले केस लांब 'आहेत', त्यांचं 'हेअर इज लाँग'. पण कपड्यावर एकच केस दिसला की 'अ हेअर'! 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही क्रियापद एकवचनीच.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे न मोजता येणारं, असंही समजू नका. 'आयडिया' हाताला लागत नाही, तरी 'थ्री आयडियाज' म्हणतातच.

विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याच इंग्रजी शब्दकोशांत नामाच्या अर्थापुढे 'सी' किंवा 'यू' छापलेलं असतं: काउंटेबल आणि अनकाउंटेबल. नवा शब्द वहीत उतरवताना ते अक्षर आणि एक छोटं वाक्यही सोबत लिहा. एकाच शब्दाला दोन्ही अक्षरं दिसली, तर दोन वाक्यं लिहा.