वाचकांचे प्रश्न : विहिरींचा नकाशा आणि भरकटलेले ठिपके

प्रश्न : आमच्या गावातल्या (ता. घाटंजी, जि. यवतमाळ) ४३ विहिरी आणि हातपंपांच्या जागा मोबाइलवर पाहून आम्ही शीटमध्ये भरल्या. उमॅपवर (ऑनलाइन नकाशा करण्याच्या मोफत साधनावर) चढवल्या तर काही ठिपके उत्तर ध्रुवाकडे गेले, काही शेजारच्या गावात पडले आणि ११ आलेच नाहीत. चुकलं कुठे?

उत्तर : चूक शीटमध्ये आहे; नकाशा नव्याने करू नका.

घाटंजीचा अक्षांश साधारण २०.१४ आणि रेखांश ७८.३१. या दोहोंची अदलाबदल झाली की ठिपका थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांकडे जातो. विदर्भात अक्षांश १८ ते २२ आणि रेखांश ७५ ते ८१ यांच्या बाहेरचा आकडा दिसला, तर ती ओळ चुकलीच समजा.

शेजारच्या गावात पडलेले ठिपके जास्त फसवे, कारण ते पटकन डोळ्यांत येत नाहीत. काही मोबाइल २० अंश ०८ मिनिटं २४ सेकंद असं दाखवतात. ते २०.०८२४ लिहिलं की विहीर ६ किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकते. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवा, उत्तर २०.१४ येतं. दशांशानंतर ५ अंक ठेवा, म्हणजे साधारण १ मीटरपर्यंतचा आकडा राहतो. ३ अंकांवर थांबलात तर १०० मीटरचा घोळ होतो आणि विहीर नाल्याच्या पलीकडे दिसते.

न आलेल्या ११ ओळींत बहुतेक अक्षांश-रेखांश मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत भरले असतील. उमॅपला तो आकडा वाटत नाही. त्या दोन रकान्यांत इंग्रजी अंकच हवेत. रकान्यांची नावंही रोमन लिपीत lat (अक्षांश), lon (रेखांश), name (नाव) अशी ठेवा; विहिरीचं नाव आणि शेरा खुशाल मराठीत लिहा. फाइल एक्सेलमधून काढत असाल तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' (साध्या मजकुराच्या तक्त्याची फाइल) हाच प्रकार निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पुन्हा चढवताना थरातला (लेयरमधला) जुना मजकूर बदलण्याच्या पर्यायावर खूण करा, म्हणजे जुने ठिपके उरत नाहीत. पॉपअपसाठी 'टेबल' निवडलं की ठिपक्यावर बोट ठेवताच सगळे रकाने दिसतात.

खातं न उघडता नकाशा केला असेल, तर दुरुस्तीची गुप्त लिंक लिहून ठेवा. ती हरवली की नकाशा दिसतो, पण बदलता येत नाही. आणि विहीरमालकांचे मोबाइल नंबर त्यात टाकू नका. लिंक कुठेही फिरते.

प्रश्न : दरवर्षी पाण्याची पातळीही दाखवायची आहे. दर वेळी फाइल चढवावी लागेल का?

उत्तर : नाही. गूगल शीट 'वेबवर प्रकाशित करा' मधून सीएसव्ही म्हणून प्रकाशित करा आणि ती लिंक उमॅपच्या थरात 'रिमोट डेटा' म्हणून द्या. शीट बदलली की थोड्या वेळाने नकाशाही बदलतो. मे आणि ऑक्टोबर असे दोन रकाने तरी ठेवा, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा फरक त्यातूनच कळतो. टेप कठड्यावरून सोडत असाल तर कठड्याची उंची वजा करा. एका विहिरीला पाऊण मीटरचा कठडा आणि दुसरीला नाहीच, अशा वेळी वजाबाकी न केलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आणि उपसा चालू असताना मोजू नका.

प्रश्न : याच नकाशावर शेताचे धुरे (बांध) मोबाइलने आखले तर चालतील का?

उत्तर : गावाच्या माहितीपुरते चालतील, वादात नाही. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची जागा ५ मीटरपर्यंत चुकू शकते, झाडाखाली त्याहून जास्त. विहिरीच्या ठिपक्याला तेवढं चालतं. धुऱ्याला ५ मीटर म्हणजे पिकाच्या कितीतरी ओळी. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. नकाशावर आखलेल्या रेषेला 'अंदाजे' असं नाव द्या आणि ती तुटक ठेवा.