हॉलचा मंडप झाला, पण मांडव नाही झाला

प्रश्न असा आलाय की राष्ट्रपती भवनातल्या दरबार हॉलचं नाव 'गणतंत्र मंडप' केलं, अशोक हॉलचं 'अशोक मंडप', पण मंडप म्हणजे तर लग्नात घालतात तो बांबू-कापडाचा, चार दिवसांनी उतरवायचा, मग भिंतींच्या एवढ्या पक्क्या खोलीला मंडप कसं म्हणायचं?

अहो तो मांडव! शब्द मुळात एकच, संस्कृत मंडप, त्यातल्या 'प'चा 'व' होऊन मांडव झाला, जसं कपाटचं कवाड झालं, आणि कपाट-कवाडासारखेच इथेही दोन्ही शब्द मराठीत राहिले आणि कामं वाटून घेतली. लग्नाचा मांडव, दोडक्याचा मांडव, पण देवळात सभामंडप, चांगला दगडी खांबांवरचा, तिथे सभामांडव कोणी म्हणत नाही. (गणपतीचा मंडप कापडाचा असूनही मंडपच, तेवढा एक मधे लुडबुडतो.) म्हणजे दिल्लीचा मंडप देवळातल्यासारखा, लग्नातल्यासारखा नाही.

आता दरबार. २५ जुलै २०२४ ला नावं बदलली, पण दरबार हॉल हे तरी कुठे पहिलं नाव होतं, इंग्रजांच्या काळात ती थ्रोन रूम, व्हाइसरॉय आणि त्याच्या बायकोची दोन सिंहासनं तिथे असायची. आता राष्ट्रपतींची एकच खुर्ची आहे आणि तिच्यामागे पाचव्या शतकातली, गुप्तकाळातली बुद्धमूर्ती. १५ ऑगस्ट १९४७ ला पहिल्या सरकारचा शपथविधी इथेच झाला, तेव्हा राजाचा दरबार आता कुठे राहिलाय हा राष्ट्रपती भवनाने नाव बदलताना दिलेला मुद्दा मला पटतो. पण इंग्रजी खुणा पुसायच्या हे त्यांचं दुसरं कारण 'हॉल'पुरतंच, कारण दरबार फारसी आहे, त्यातला 'दर' म्हणजे दार, दरवाजातला तोच. हॉलला मराठीत दालन म्हणावं तर तेही फारसीतून आलेलं, दिवाणखान्याचं तर विचारूच नका.

अशोक हॉल म्हणजे तर चक्क बॉलरूम, जमीन लाकडी आणि नाचायला बरं म्हणून खाली स्प्रिंगा, वर छताला चित्र आहे त्यात इराणचा फतेह अली शाह आपल्या बावीस मुलांना घेऊन शिकारीला निघालाय. देवळात जिथे नाचगाणं व्हायचं त्याला आपल्याकडे रंगमंडप म्हणतात, मला विचारलं असतं तर मी हेच सुचवलं असतं, पण कोण विचारतंय!

मला मंडपापेक्षा 'गणतंत्र' जास्त अडखळवतं. ते हिंदीच्या सवयीचं, तिकडे गणतंत्र दिवस, आपल्याकडे प्रजासत्ताक दिन, आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत पुन्हा तिसराच शब्द, गणराज्य. पण विशेषनाम आहे, भाषांतर करायचं नाही, लिहिताना सरळ 'गणतंत्र मंडपात' लिहा. परवा एका बातमीत 'गणतंत्र मंडप हॉलमध्ये' वाचलं, तेवढं टाळा.