आधी आठ पानं पूर्ण कर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बारा भागांच्या महागाथेचा आराखडा वाचला. वंशावळ झकास आहे, नकाशाही देखणा, पण पूर्ण झालेलं पान एकही नाही. ती फाइल सध्या ठेव बाजूला आणि आठ पानांची एक कॉमिक-कथा शेवटापर्यंत ने. अनोळखी पोराची आठ पानं कुठलाही संपादक चहा पिता पिता वाचून काढतो. चारशे पानांच्या आश्वासनावर मात्र कुणी चित्रकार पेन्सिल उचलत नाही.

आधी शेवट ठरव. मग एका कोऱ्या कागदावर आठ चौकोन आख आणि कुठल्या पानावर काय घडतं ते एकेका ओळीत लिही. पानाला पाच चौकटी धरल्या तर हातात चाळीसच येतात, आणि त्यातल्या दोन-तीन चौकटी जागा नि माणसं दाखवण्यात जातात. छापील कॉमिकमध्ये डावं पान नेहमी सम आकड्याचं असतं, म्हणजे पान उलटल्यावर नजर आधी सम पानावर पडते. धक्का ४ किंवा ६ वर ठेव आणि उत्सुकता ताणायची ती ३ किंवा ५ च्या शेवटच्या चौकटीत. धक्का ५ वर ठेवलास तर वाचक ४ वाचता वाचताच शेजारी डोकावतो आणि सगळा खेळ फसतो. अंकात कथा डाव्या पानावर सुरू होणार असेल तर हे गणित उलटतं, म्हणून संपादकाला आधीच विचारून घे. मोबाइलवरच्या उभ्या कॉमिकला पान उलटणं नसतंच. तिथे दोन चौकटींमधली रिकामी जागा ते काम करते.

आता संहिता. ती वाचकासाठी नसते, चित्रकारासाठी असते. तुझं वाक्य आहे: ‘मधू दचकून उठतो, कडी काढतो आणि गल्लीत धावत सुटतो.’ कथेत हे चालेल. चौकटीत चित्र एकाच क्षणाचं निघतं आणि इथे क्षण तीन आहेत. चित्रकार त्यातला एक आपल्या मनानं निवडेल, मग पुढच्या चौकटीतला संवाद लोंबकळत राहील. त्यापेक्षा असं लिही:

पान ३, चौकट ४. नागपूरच्या इतवारीतली अरुंद गल्ली, मे महिन्याची टळटळीत दुपार. मधू डावीकडे, अर्धवट उघड्या दारात, हात कडीवरच. उजवीकडे पोलीस, आपल्याकडे पाठ.
मधू: साहेब, इकडे कोणी नाही आलं.
पोलीस: मग घाम काहून फुटून राहिला बे?
आवाज (चित्रातच काढायचा): खण्ण!

डावीकडे-उजवीकडे हे मुद्दाम लिहिलंय. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे आधी बोलणारा माणूस डावीकडेच हवा. तो उजवीकडे काढला गेला तर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात किंवा उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. चित्र पक्कं झाल्यावर हे दुरुस्त होत नाही. एका चौकटीत एकूण वीस-पंचवीस शब्द पुरेत, फुग्यात तीन-चार ओळी. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. ओळींमध्ये जागा जास्त लागते आणि फुगा उंच होत होत पात्राच्या डोक्यावर येऊन बसतो.

बोलीचं प्रमाण सांभाळ. ‘करून राहिला’ आणि ‘काहून’ एवढ्यानंच माणूस नागपूरचा वाटतो; प्रत्येक ‘ण’चा ‘न’ केलास तर वाचक अडखळेल. सीताबर्डीवर भाजीवाल्याशी आपली माणसं सर्रास हिंदीत बोलतात, तेही येऊ दे. मात्र संहितेवर ठळक लिही, ‘संवादांतली बोली शुद्ध करू नये’. नाहीतर मुद्रितशोधक निष्ठेनं ‘फुटत आहे’ करून ठेवेल.

अक्षरजुळणी झाली की खऱ्या आकाराची छापील प्रत काढ आणि ती वाच. पडद्यावर सगळंच सुरेख दिसतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा पर्याय निवडला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘शक्ती’, ‘विद्यार्थी’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द आधी टाकून बघ. ते धड उमटले तर बाकीचंही बहुधा उमटतं.

चित्रकार शोधायला शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या प्रदर्शनाला जा. एकटा चेहरा सुंदर काढणारे पुष्कळ भेटतील. तुला हवा आहे तोच चेहरा सहा कोनांतून ओळखू येईल असा काढणारा. पूर्ण कथा देण्याआधी दोन पानं करून बघा आणि त्या दोन पानांचे पैसे दे. जे पान लिहायला तुला एक संध्याकाळ लागते, ते काढायला त्याला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे ‘अर्धे-अर्धे’ ही वाटणी दिसायलाच न्याय्य असते. पानाचा दर, मुदत, किती वेळा बदल मागता येतील, काम मध्येच थांबलं तर किती द्यायचं आणि पात्रं कुणाच्या मालकीची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणाऱ्यानं तर आधी करावा.

प्रकाशकाचा करारही नीट वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनंच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणून ‘सर्व माध्यमांतले, कायमचे’ हे शब्द दिसले की थांब आणि मराठी छापील आवृत्तीपुरते हक्क देतो असं सांग. पात्र चाललं तर खरी किंमत सिनेमा-मालिकेसारख्या पुढच्या माध्यमात असते.

नुसत्या कॉमिकवर पोट भरणार नाही, गद्य कथाही सोडू नकोस. दिवाळी अंकांना कथा द्यायची तर जून-जुलैतच विचार. मुलांसाठी लिहिणार असशील तर बालभारतीचं ‘किशोर’ वर्षभर वाच आणि मगच पाठव. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात कार्यक्रमांना जात जा. भाषण ऐकायला नाही गेलास तरी चालेल, नंतरच्या चहाला थांब. दसऱ्याला दीक्षाभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉलही फिरून ये. कुठल्या जाडीची, कुठल्या किमतीची पुस्तकं लोक उचलतात, ते तिथे समोर दिसतं.

आणि नोकरी? एवढ्यात सोडू नको. दोनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, पाचशे प्रती विकल्या तर हाती दहा हजार, तेही बहुधा वर्षभरानं. रोज पाचशे शब्द मात्र नोकरी सांभाळूनही होतात. तेवढ्यानं चार महिन्यांत साठ हजार शब्दांची कादंबरी उभी राहते. उन्हाळ्यात पहाटे लिही, दुपारी इथे डोकं चालत नाही.

आठ पानं झाली की पाठव, पण युनिकोडमध्ये टाइप करून. या वेळच्या फाइलमध्ये तुझ्या खलनायकाच्या नावाच्या जागी नुसते चार चौकोन दिसत होते.