कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकाऐवजी इतकी भिंगं का असतात?

एका भिंगानेही फोटो निघतो, पण तो धड नसतो. काच निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे सगळे रंग एकाच जागी एकवटत नाहीत आणि कडांना रंगीत झालर येते. शिवाय भिंगाच्या कडेजवळून गेलेले किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच मिळतात, म्हणजे चित्र मऊ, धुरकट. यावरचा उपाय म्हणजे वेगळ्या जातीच्या काचेचं उलट्या वक्रतेचं भिंग जोडायचं. एकाची चूक दुसरं खोडतं.

१८४० मध्ये योझेफ पेट्झवाल यांनी चक्क गणित मांडून पोर्ट्रेट लेन्स रचली. तोवरच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त प्रकाश आत घ्यायची, त्यामुळे माणसांना कॅमेऱ्यासमोर पुतळ्यासारखं बसण्याची शिक्षा बरीच कमी झाली.

मग भिंगं वाढवतच का नाही नेली? कारण काच आणि हवा जिथे भेटतात, त्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. झाइस या जर्मन कंपनीच्या १८९६ च्या प्लॅनार लेन्समध्ये असे ८ पृष्ठभाग होते, म्हणजे पाव हिश्शाहून अधिक प्रकाश वाया. त्यातला काही आतच उसळून चित्र फिकं करायचा. म्हणून १९०२ ची चार भिंगांची साधी टेसार जास्त चालली.

ही कोंडी १९३५ मध्ये अलेक्झांडर स्माकुला यांच्या परावर्तनरोधक लेपाने फोडली. माझ्या मते लेन्सच्या इतिहासातला खरा नायक हा लेपच. आजच्या झूम लेन्समधली पंधरा-वीस भिंगं त्याच्याच जिवावर उभी आहेत.