वाचकांचे प्रश्न : शिकलो ते लंडन, तीस वर्षांनंतर

प्रश्न : 1989 ते 1992 या काळात लंडनमध्ये राहून मी मुंबई इलाख्यातील 1876–78 च्या दुष्काळावर पीएच.डी. केली. त्यानंतर तिकडे पुन्हा जाणे झाले नाही. आता निवृत्त झाले असून येत्या एप्रिलमध्ये मुलीबरोबर दोन आठवड्यांसाठी जाण्याचा विचार आहे. अलीकडे तेथे जाऊन आलेल्या मैत्रिणी मात्र सांगतात की तुझे ते लंडन आता उरलेले नाही, उगाच मन खट्टू करून परत येशील. जावे की नाही, आणि गेल्यास तेथे काय करावे?
— एक निवृत्त प्राध्यापिका

उत्तर : अवश्य जावे. मैत्रिणींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते आपल्याला दाराशी पोहोचल्यावर कळण्यापेक्षा येथेच कळलेले बरे, म्हणून आधी वाईट बातमी सांगतो.

आपला विषय पाहता आपण कोठे कोठे बसून वाचत असाल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. इंडिया ऑफिसचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भारतविषयक खात्याचे, दप्तर त्या वेळी ब्लॅकफ्रायर्स रोडवरच्या ऑर्बिट हाउसमध्ये होते. 1998 मध्ये ते तेथून सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलवले गेले. ऑर्बिट हाउस पुढे पाडण्यात आले आणि 2006 मध्ये त्या जागी पालेस्ट्रा नावाची काचेची कार्यालयीन इमारत उभी राहिली. छापील ग्रंथांसाठी आपण ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाखालील वर्तुळाकार वाचनदालनात जात असाल. डॉ. आंबेडकरांच्या तेथील वाचनाच्या कथा ऐकतच आपल्यापैकी अनेकजण मोठे झाले आहेत. त्या दालनातील वाचकांची ये-जा 1997 मध्ये थांबली; घुमट जागेवर आहे, पण पुस्तके मागवून दिवसभर बसण्याची सोय आता तेथे नाही. दुष्काळाविषयी ब्रिटिश वृत्तपत्रांत काय छापून येत होते हे पाहायला उत्तरेकडच्या कॉलिंडेलला जावे लागत असे, ते वृत्तपत्र ग्रंथालयही 2013 मध्ये बंद झाले आणि तेथील छापील अंक यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे गेले. थोडक्यात, आपली सारी उमेदीची वर्षे ज्या टेबलांवर गेली त्यांपैकी एकाही टेबलाशी आज पूर्वीसारखे वाचत बसता येत नाही.

दप्तर मात्र सगळे शाबूत आहे. मुंबई सरकारच्या कामकाजाचे ते जाडजूड खंड आजही ‘पी’ अक्षराच्या क्रमांकमालिकेतच लावलेले आहेत, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावरील आशियाई व आफ्रिकी अभ्यास वाचनदालनात ते मागवता येतात. म्हणून माझी सूचना अशी की जुन्या जागा शोधत फिरण्याऐवजी आपण जुने काम पुन्हा हाती घ्यावे. पहिल्या आठवड्यातल्या तीन-चार सकाळी ग्रंथालयासाठी राखून ठेवा आणि प्रबंधात ज्याचा आधार सर्वांत जास्त घेतला असेल असा एखादा खंड मागवा. तेव्हा घाईत ओलांडलेली एखादी जिल्हाधिकाऱ्याची टिपणी किंवा मामलतदाराचा अर्ज आता, इतकी वर्षे शिकवून झाल्यावर, वेगळा वाचला जाईल याबद्दल मला फारशी शंका नाही. जुन्या शहरात परतलेला विद्यार्थी निव्वळ भटकत राहिला की त्याचा तक्रारखोर पर्यटक होतो, असे माझे निरीक्षण आहे. सकाळी साडेनऊला ज्याला कोठेतरी पोहोचायचे असते त्याला मात्र ते शहर पूर्वीसारखेच कामात गढलेले भेटते, आणि काय बदलले याची मोजदाद करत बसायला त्याच्यापाशी वेळही नसतो.

यासाठी तयारी थोडी लागेल. वाचक-पास विनामूल्य मिळतो म्हणून गाफील राहू नका. ओळख आणि घरचा पत्ता सिद्ध करणारी कागदपत्रे मूळ स्वरूपात जवळ असावीत आणि नियम निघण्यापूर्वी पुन्हा तपासावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माळ्यावर टाकलेली आपली टिपणवही शोधून काढा. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि त्यानंतर दीर्घकाळ तिची सूची व मागणीची यंत्रणा विस्कळीत राहिली. अशा प्रसंगी ज्याच्यापाशी दप्तराचा नेमका क्रमांक हाताने लिहिलेला आहे तो वाचक संगणकावर विसंबलेल्या तरुण संशोधकाच्या पुढे असतो. हवे असलेले खंड मिळण्याच्या स्थितीत आहेत ना, हे ई-मेलने आधी विचारून घ्यावे. हस्तलिखितांजवळ आजही शिसपेन्सिलच चालते. पण पूर्वी ज्या पानांची नक्कल करताना बोटे दुखत त्यांपैकी बऱ्याच पानांचे छायाचित्र आता स्वतःच्या फोनवर घेता येते, आणि हा बदल तरी आपल्याला खुपणार नाही.

दुपारनंतर पायीच फिरावे. सेंट पँक्रसपासून रसेल स्क्वेअरपर्यंतचे अंतर अगदी थोडे आहे आणि ब्लूम्सबरीचा हा भाग आपल्याला सर्वांत कमी परका वाटेल. चार्ल्स होल्डन यांनी 1930 च्या दशकात उभारलेले लंडन विद्यापीठाचे सेनेट हाउस तसेच पांढरे आणि तसेच किंचित धाक घालणारे आहे. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये 1968 पासून बसलेले गांधीजी तेथेच आहेत; शेजारच्या गॉर्डन स्क्वेअरमधील रवींद्रनाथांचा अर्धपुतळा मात्र 2011 मधला, म्हणजे आपल्यानंतरचा. सेनेट हाउसमधील इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चची संध्याकाळची चर्चासत्रे अजून चालतात आणि बाहेरच्यांनाही तेथे बसता येते, परंतु एप्रिलमध्ये ईस्टरची सुटी आडवी येऊ शकते, तेव्हा तारखा त्यानुसार ठरवाव्यात. चेअरिंग क्रॉस रोडवरचे फॉयल्स हे पुस्तकांचे दुकान आठवत असेलच: एका रांगेत पुस्तकाची चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या रांगेत पैसे भरायचे आणि पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहून पुस्तक ताब्यात घ्यायचे. ती पद्धत गेली आणि 2014 मध्ये दुकानही त्याच रस्त्यावर काही पावले सरकले. तेवढ्यासाठी मला हळहळ वाटत नाही.

किरकोळ गोष्टींपैकी एवढेच लक्षात ठेवा की बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. मुलीला आपल्याबरोबर दप्तरखान्यात बसवू नका. आपण असताना नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियमला तिकीट लागे व विद्यार्थी म्हणून ते परवडत नसे. डिसेंबर 2001 पासून दोन्ही ठिकाणी नेहमीच्या दालनांना प्रवेश मोफत आहे. तिला सकाळी तिकडे जाऊ द्यावे आणि चहाच्या वेळी भेटावे.

प्रश्न : मीही लंडनमध्येच शिकलो. परतताना काही पौंड जवळ राहिले होते, ते परवा जुन्या पुस्तकात सापडले. फॅरडे यांचे चित्र असलेल्या 20 पौंडांच्या दोन नोटा आणि बरीच नाणी आहेत. पुढच्या वर्षी मुलाकडे जाणार आहे, तेव्हा त्या चालतील का?
— एक वाचक

उत्तर : दुकानात चालणार नाहीत. फॅरडे यांची नोट 2001 मध्येच चलनातून काढून घेतली गेली आणि त्यानंतर आलेल्या 20 व 50 पौंडांच्या कागदी नोटाही 30 सप्टेंबर 2022 नंतर बाद झाल्या. आता सगळ्या नोटा पॉलिमरच्या आहेत. तरीही आपले पैसे बुडालेले नाहीत. बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या कोणत्याही नोटेचे मूल्य बँकेच्या लेखी कायम राहते, त्यामुळे थ्रेडनीडल स्ट्रीटवरील मुख्य कार्यालयात किंवा टपालाने ती बदलून मिळते. समक्ष जाणार असाल तर ओळखपत्र न्यावे आणि रांगेची तयारी ठेवावी. नाण्यांच्या बाबतीत एवढे औदार्य नाही. जुने मोठे 10 पेन्स 1993 मध्ये, मोठे 50 पेन्स 1998 मध्ये आणि गोल पौंड ऑक्टोबर 2017 मध्ये व्यवहारातून गेले. गोल पौंड तेथील बँका आपल्या खातेदारांकडून घेतात, म्हणून ते मुलाच्या खात्यात भरता येतात का हे विचारावे. बाकीची नाणी नातवंडांना द्या.

प्रश्न : विद्यार्थी असताना लंडनच्या उत्तर भागात एका वृद्ध बाईंच्या घरी मी भाड्याने राहत होते. त्यांनी मला मुलीसारखे वागवले, पण दहा-बारा वर्षांनी पत्रव्यवहार थांबला. या वेळी गेल्यावर थेट त्यांच्या घरी जावे का?
— एक वाचक

उत्तर : थेट जाऊ नये. त्या घरात आज दुसरे कोणी राहत असण्याचा संभव मोठा आहे आणि न सांगता दाराची घंटा वाजवणे तेथे फारसे रुचत नाही. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी त्या पत्त्यावर एक साधे पत्र पाठवावे. वर त्यांचे नाव घालावे, आत आपण कोण, कोणत्या वर्षी तेथे राहत होता आणि कोणत्या तारखांना शहरात असाल हे लिहावे, आणि हे पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडल्यास त्यांनी दोन ओळी कळवाव्यात अशी विनंती करून आपला ई-मेल द्यावा. घराचे नवे मालकही अशा पत्राला कधीकधी उत्तर देतात, आणि शेजाऱ्यांना तर पुष्कळदा सगळे ठाऊक असते.

उत्तर आले नाही तर आणखी एक मार्ग आहे, तो जरा कठोर वाटेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालयाने प्रमाणित केलेली मृत्युपत्रे सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि 1858 पासूनची त्यांची सूची सरकारी संकेतस्थळावर कोणालाही नाव व मृत्यूचे वर्ष घालून शोधता येते. वर्ष नक्की माहीत नसल्यामुळे पत्रव्यवहार थांबल्यापासून पुढचे एकेक वर्ष आपल्याला पाहावे लागेल. नोंद सापडल्यास तिच्यात मृत्यूची तारीख मिळते आणि शुल्क भरून मृत्युपत्राची प्रत मागवता येते. तिच्यात बहुधा मुलांची किंवा भाचरांची नावे असतात. त्यांना लिहायचे झाल्यास पत्राच्या पहिल्याच ओळीत आपण त्या घरातील जुनी भाडेकरू विद्यार्थिनी आहोत हे स्पष्ट करावे, नाहीतर मृत्युपत्राचा उल्लेख वाचून आपण वाटा मागायला आलो आहोत अशी त्यांची समजूत व्हायची.