गचका मोजा, मग बोला

प्रश्न : माझा लॅपटॉप नवा आहे. तरीही एम्युलेटरवर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सुपर निन्टेन्डोचे गेम खेळताना, मागचा देखावा सरकत असला की थोड्या थोड्या वेळाने गचका बसतो. वीसिंक (पडद्याचं एक चित्र पुरं झाल्यावरच पुढचं दाखवणारी सोय) बंद केलं की गचका जातो, पण पडद्यावर आडवी चीर दिसते आणि ती हळूहळू वर चढत जाते. मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. बदलावं लागेल का?

उत्तर : नाही. १९९० साली आलेल्या यंत्राची नक्कल करताना तुमचं ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलंच असतं. ‘कार्ड बदला’ हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, म्हणून तो इतक्या सढळ हाताने दिला जातो. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मात्र मी खूश झालो : चीर ‘वर चढत जाते’. बहुतेक जण ‘चीर दिसते’ एवढंच लिहून थांबतात. ती कुठल्या दिशेला आणि किती वेगाने सरकते, यातच निम्मं निदान आहे.

आधी एक काम करा. गेममध्ये अशी जागा शोधा जिथे देखावा एकसारखा सरकत राहतो. वीसिंक चालू ठेवा, हातात स्टॉपवॉच घ्या आणि दोन गचक्यांमधलं अंतर पाच-सहा वेळा मोजा. साधारण १० सेकंद, १० सेकंद, १० सेकंद असं आलं, तर दुखणं सापडलं. कधी ३, कधी १९, कधी लागोपाठ दोन असं आलं, तर दुखणं वेगळं. ते शेवटी सांगतो.

हे मोजायचं शहाणपण मलाही उशिरा आलं. हौसेने एक छोटा एम्युलेटर लिहीत होतो. एका सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं; एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. संगणकाला मी पूर्णांकातच ‘थांब’ म्हणत होतो. १६ म्हटलं की गेम ६२.५ फ्रेमने पळायचा, १७ म्हटलं की ५८.८ने रेंगाळायचा. ते निस्तरलं, तरी गचका जाईना. दोन शनिवार-रविवार मी माझाच कोड उसवत बसलो, ड्रायव्हर दोनदा नव्याने टाकला. शेवटी वैतागून वहीत वेळा लिहिल्या, तर सगळ्या दहाच्या आसपास. चूक कोडमध्ये असती तर ती इतकी वक्तशीर कशाला असती?

झालेलं असं, की सुपर निन्टेन्डो सेकंदाला ६० फ्रेम काढतच नाही. त्याच्या अमेरिकी-जपानी आवृत्तीचा वेग आहे ६०.०९८८. तुमचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणारा, म्हणजे ६० हर्ट्‌झचा धरला, तर सेकंदाला ०.०९८८ फ्रेम जास्त तयार होते, आणि साधारण १०.१ सेकंदांत ती साचून पुरी एक फ्रेम होते. तिला पडद्यावर जागाच नाही, म्हणून ती गळते. पंचांगात जी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही तिचा क्षय होतो, तसंच हे. गेम बॉयचं उलटं. त्याचा वेग ५९.७२७५, म्हणजे पडद्याला फ्रेम कमी पडतात आणि सुमारे ३.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. ही वृद्धी तिथी.

आता तुमची चीर. वीसिंक बंद असलं की पडदा वरून खाली चित्र रंगवत असतानाच मध्येच नवी फ्रेम येते. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या फ्रेमचा, आणि सांध्यावर चीर. सुपर निन्टेन्डोची प्रत्येक फ्रेम पडद्याच्या हिशेबाने किंचित लवकर तयार होते, त्यामुळे सांधा दर वेळी थोडा वर सरकतो. माथ्यापर्यंत गेला की पुन्हा तळातून उगवतो, आणि या फेरीलाही तेच दहा सेकंद लागतात. गेम बॉयचा गेम लावून बघा, चीर खाली उतरताना दिसेल, आणि बरीच चपळाईने.

तुमच्या मोजणीत दहाऐवजी ६ सेकंद आले, तर घाबरू नका. तुमचा पडदा नावाला ६० आणि प्रत्यक्षात ५९.९४चा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग गेमच पडद्याच्या चालीने, बरोबर ६०ने चालवला तर? तो ०.१६ टक्के हळू होईल, ते कुणालाच कळणार नाही. डोळा फसतो, कान फसत नाही. साऊंड कार्डाला सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने लागतात, आणि हळू झालेला गेम देतो ४७,९२१. दर सेकंदाला ७९ची तूट. आवाजाचा ६४ मिलिसेकंदांचा साठा, म्हणजे बफर, चाळीसेक सेकंदांत कोरडा पडतो आणि आवाज तडतडतो. म्हणून ऑडिओला धरलं की चित्र अडखळतं, चित्राला धरलं की ऑडिओ फाटतो.

रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने यावर काढलेली तोड मला फार आवडते. चित्र पडद्याच्या ठोक्यावर चालू द्यायचं आणि बफर किती भरला आहे ते बघत बघत आवाज कणभर ताणायचा किंवा आवळायचा. ४७,९२१ नमुन्यांचे ४८,००० करायचे. सुरात पडणारा फरक इतका बारीक असतो, की तयारीच्या कानालाही तो पकडता येत नाही.

रेट्रोआर्कमध्ये तुम्ही करायचं ते एवढंच : वीसिंक चालू, ऑडिओ सिंक चालू, थ्रेडेड व्हिडिओ बंद, खेळ पूर्ण पडद्यावर. व्हिडिओच्या आउटपुट सेटिंगमध्ये पडद्याचा अंदाजे रिफ्रेश रेट दिसतो. तो आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि स्थिर झालेलाच स्वीकारा. मागे इतर कामं चालू असताना घेतलेलं मोजमाप फसवं येतं.

लॅपटॉपचा पडदा जी-सिंक किंवा फ्रीसिंकवाला असेल, तर मार्ग याहून सोपा. तिथे पडदाच फ्रेमची वाट बघतो. ‘सिंक टू एग्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट’ चालू करा आणि आवाज ताणायचा विषयच सोडून द्या.

एक पथ्य. युरोपी आवृत्तीचे, ५० हर्ट्‌झचे गेम ६०च्या पडद्यावर या युक्तीने बसवायला जाऊ नका. तिथे तफावत २० टक्क्यांची आहे; आवाज तेवढा ओढला तर सगळं संगीत तीन अर्धस्वरांहून जास्त वर चढेल. पडदा ५० किंवा १०० हर्ट्‌झवर लावता येतो का, ते बघा.

आणि गचके अनियमित असतील, तर? चार्जर काढल्यावर वाढतात का ते आधी तपासा. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली गेला, की असं होतं. निन्टेन्डोच्याच गेमक्यूब किंवा वी या यंत्रांच्या गेममध्ये एखादा स्फोट पहिल्यांदा दिसताना गचका बसत असेल आणि दुसऱ्यांदा बसत नसेल, तर तो शेडर, म्हणजे दृश्य रंगवायचा छोटा प्रोग्रॅम, तयार होण्याचा वेळ आहे. त्यांच्या डॉल्फिन या एम्युलेटरमध्ये २०१७पासून त्यासाठी उबरशेडरची, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या मोठ्या शेडरची, सोय आहे. उबरशेडरचा भार मात्र खरोखरच ग्राफिक्स कार्डावर पडतो, तेव्हा मित्राला अगदीच मोडीत काढू नका.

प्रश्न : ६०चा मॉनिटर देऊन १४४ हर्ट्‌झचा घेतला. जुने गेम उलट जास्त खडबडीत वाटतात. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही. १४४ला ६०ने भागा, २.४ येतात. पडदा एक फ्रेम २.४ वेळा दाखवू शकत नाही. म्हणून कुठली दोनदा, कुठली तीनदा. एक फ्रेम १३.९ मिलिसेकंद टिकते, दुसरी २०.८, आणि धावणारा गडी लंगडल्यासारखा दिसतो. मॉनिटर १२० हर्ट्‌झवर लावा आणि वीसिंकचा स्वॅप इंटरव्हल २ करा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा.