दहा हजारांचा बोनस साइटला कितीला पडतो?

तुम्ही विचारलंय की 10,000 भरले की ऑनलाइन कॅसिनोची साइट वर 10,000 फुकट देते, मग तिचं भागतं कसं? आणि बायकोच्या नावाने दुसरं खातं काढून नुसता बोनस उचलला तर? लंडनला असताना मी अशाच एका कंपनीत बोनसच्या हिशेबावर तीन वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ते 10,000 रुपये नसतातच, स्क्रीनवरचा आकडा असतो. मांडवीवरच्या कॅसिनोत जाऊन आलेल्यांना आठवेल, प्रवेशाच्या पॅकेजातल्या काही चिप्स फक्त टेबलावर लावता येतात, काउंटरवर वटत नाहीत. तसंच हे. आकड्याचे पैसे व्हायचे तर तो ठरावीक पट फिरवावा लागतो. अट 35 पट असेल तर 3,50,000 चे डाव लावायचे. एवढे खिशात लागत नाहीत, तेच तेच पैसे पुन्हा लावत बेरीज गाठायची असते.

स्लॉट म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायचा खेळ. त्याचा परतावा 96 टक्के धरा, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी 4 साइटचे. 3,50,000 वर झाले 14,000. दहा हजार पदरात पाडायला चौदा हजार! एखाद्याला मधेच मोठा डाव लागतो आणि तो पैसे घेऊन जातो. साइटला तेही चालतं, आयती जाहिरात होते.

हुशार माणूस इथे म्हणेल, मग रूलेट, म्हणजे फिरत्या चाकावरच्या गोळीचा खेळ, खेळू. चाकाला एक शून्य धरून 37 घरं, साइटचा वाटा 2.7 टक्के. 3,50,000 वर 9,450, म्हणजे 550 सुटले. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ, कुठल्या पानांवर काय करायचं याच्या ठरलेल्या तक्त्याबरहुकूम खेळला तर वाटा साधारण अर्धाच टक्का, खर्च 1,750. या हिशेबावर बोनस उचलत हिंडणारे लोक खरोखर होते, आणि त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांना नोकऱ्या होत्या. कुठला खेळ अटीत किती टक्के मोजायचा, याचा तक्ता आम्ही करायचो. ब्लॅकजॅक 10 टक्के धरला की 100 चा डाव 10 चाच मोजला जातो. 3,50,000 चे 35,00,000 होतात आणि अर्ध्या टक्क्यानेही 17,500 जातात. रूलेट कित्येकदा मोजतच नाहीत. वर एका डावात किती लावायचे यालाही मर्यादा, कारण दोन-चार मोठ्या डावांत नशीब आजमावून निघून जाणारा त्यांना नको असतो.

शिवाय बोनस हा जाहिरातीचा खर्च. पहिल्या ठेवीवर थोडं गेलं तरी त्यांना फिकीर नसते. पुढच्या ठेवींना बऱ्याचदा असा बोनस नसतो आणि माणूस तोवर सरावलेला असतो.

बायकोच्या खात्याचं म्हणाल तर, अशा बऱ्याच साइटी खातं उघडताना फारसं विचारत नाहीत, कागदपत्रं मागतात ती पैसे काढताना. तोच मोबाइल, तेच वायफाय दिसलं की नियमभंग, जिंकलेले जप्त. हरलेले मात्र दोन्ही खात्यांतून गेलेले असतात.

ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने जानेवारी 2026 पासून बोनस फिरवायची ही अट जास्तीत जास्त 10 पटींवर आणली. म्हणजे वरच्याच स्लॉटवर 1,00,000 फिरवायचे, खर्च 4,000. तिथे बोनसला काही अर्थ तरी उरतो. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केलेत. तुमची साइट त्यामुळे बाहेरून चालणारी असणार, पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही.

तुम्ही पाठवलेल्या अटी वाचल्या. 45 पट, तेही ठेव धरून, मुदत सात दिवस. म्हणजे 20,000 च्या 45 पट, 9,00,000. शंभर-शंभर लावले तर 9,000 डाव, रोज साधारण 1,285. दर डावाला सरासरी 4 रुपये जाणार, म्हणजे तुमचे दोन्ही मिळून 20,000 संपायला 5,000 डाव पुरतात. चौथा दिवस.